तळाशी राहिलेलं

आर्मांद, तुझी बाटली माझ्या टेबलावर आली तेव्हा
तिच्या गळ्यात लाखेचा शिक्का होता, आणि नंबर: दोनशे चौदा.
नोव्हेंबर एकोणीसशे साठ, न्यूशातेलची सरकारी प्रयोगशाळा,
खिडकीबाहेर शिशाच्या रंगाचं सरोवर.
नमुन्याच्या मालकाशी माझी ओळख नाही,
असं मी आधी सही करून सांगायचं होतं.
केली सही.

कुव्हे गावात आपली दारं समोरासमोर.
सोमवारी घरोघर धुण्याचे बंब पेटायचे,
गल्लीभर साबणाची वाफ.
तुझ्या धुण्याघरातून यायची ती मात्र
साबणाच्या आडोशाला मावायची नाही:
अनीस, हिसॉप, मेलिसा,
आणि त्यांच्यामागून ती राखी पानांची, रुपेरी लव ल्यालेली,
दवण्याच्याच कुळातली
पण दवण्याचं लाघव अंगी नसलेली वनस्पती.
मग तू शेणखताच्या खड्ड्यावरची फळी सरकवायचीस.
अबकारी शिपाई नाक दाबून पुढे जायचा.
(जायचा, आणि नाताळच्या आधी परत यायचा,
कोटाखाली रिकामी बाटली घेऊन.)

मी बारा वर्षांचा. तू मला आच राखायला बसवलंस.
"उकळायचं नाही. गाय रवंथ करते, तेवढंच हलू दे."
तांब्याच्या नळीतून पहिली धार आली ती दगडांवर फेकलीस,
तिला सडक्या सफरचंदाचा, रंगाच्या डब्याचा वास.
शेवटच्या धारेला भिजलेल्या कुत्र्याचा.
"मधलं तेवढं आपलं," म्हणालीस,
आणि एप्रनला हात पुसलेस.

पुढे शिकलो तेव्हा त्या सगळ्याची नावं मिळाली.
दगडांवर उडून गेलं ते अ‍ॅसिटाल्डिहाइड.
वाफेवर बसून येतो तो थुजोन.
अल्कोहोलमध्ये दिसेनासं होतं ते अनेथोल:
गार पाणी पडलं की त्याला लपायला जागा उरत नाही,
पेलाभर दुधाळ धुकं होतं.
आणि अ‍ॅबसिंथिन.
पाठीला पाठ लावून जखडलेले दोन अर्धे, एकच बोजड रेणू,
सत्तर हजार भाग पाण्यात एक भाग पडला
तरी जीभ आखडते.
पण त्याला वाफ होता येत नाही, आर्मांद.
ज्या कडूपणाच्या नावाने कायदा झाला
तो तुझ्या बाटलीत कधी उतरलाच नव्हता.
तो भांड्याच्या तळाशी, काळ्या रेंद्यात राहायचा,
आणि तो रेंदा तू कोबीच्या वाफ्याकडेने ओतायचीस.
गोगलगायी तुझ्या कोबीकडे फिरकत नसत.

मी मापून घेतलं, ऊर्ध्वपातन केलं, रंग यायची वाट पाहिली.
थुजोनचा आकडा निघाला तो इतका लहान
की सेज घातलेल्या आपल्या सॉसेजमध्येही जास्त निघाला असता.
दुसऱ्यांदा मोजलं. तेवढाच.
पण छापील कागदावर 'किती' असा रकाना नव्हता.
'आहे' होतं आणि 'नाही' होतं.

दंड तीन हजार फ्रँक.
तांब्यावर घण पडला तेव्हा, आई सांगायची,
चर्चच्या घंटेसारखा आवाज झाला नाही,
बादली आपटावी तसा झाला.
वसंतात बाजारात भेटलीस, टोपलीत मुळे होते.
"तुझा आकडा बरोबर होता ना?"
"होता."
"मग झालं तर."
आणि मुळ्यांचा भाव करायला वळलीस.

आता बंदी उठली आहे. तू नाहीस.
दुकानातून बाटली आणली, सुंदर लेबल, वर सरकारी मोहोर.
थेंब थेंब पाणी सोडलं. धुकं नीट जमलं.
चांगली होती, खोटं का बोलू.
पण जीभ काहीतरी चाचपत राहिली.

म्हणून काल औषधांच्या दुकानातून
पाच फ्रँकची सुकी पानं आणली.
भिजवली नाहीत, उकळली नाहीत.
धुण्याघर होतं तिथे आता मोटारी उभ्या करतात,
त्या कठड्यावर बसून नुसती चावली.
डोळ्यांत पाणी आलं, ते पानांमुळे.
रात्री जेवताना पावालाही तीच चव.